रेडटेल-शॉव्हलनोज संकरासाठी टाकी: लिटर नंतर, आधी रुंदी मोजा

दुकानातल्या पिशवीत चार इंचांचं दिसणारं हे पिल्लू पूर्ण वाढलं की तीन ते चार फुटांचं होतं आणि दहा किलोंच्या वर जातं. टाकीचं माप त्या पुढच्या माशावरून काढायचं. बहुतेक घरांत उलटं होतं: मासा आधी येतो, टाकीचा विचार तो शेपटीने काचेवर आपटायला लागल्यावर होतो. तोवर मासा दीड-दोन फुटांचा झालेला असतो आणि त्याला घ्यायला कोणी तयार नसतं.

हा संकर रेडटेल कॅटफिश आणि टायगर शॉव्हलनोज या दोन दक्षिण अमेरिकी माशांचा. हॅचरीत हार्मोनचं इंजेक्शन देऊन अंडी आणि शुक्र काढून तो तयार करतात. दुकानात कोणी 'आरटीसी-टीएसएन' म्हणतं, कोणी 'हायब्रिड रेडटेल', कोणी नुसतं 'हायब्रिड कॅट'. शुद्ध रेडटेलचं डोकं रुंद, पाठ काळपट, पोटाचा पट्टा पांढरा आणि शेपूट केशरी असते. संकराचं तोंड अधिक लांब आणि चपटं असतं, अंगावर ठिपके असतात आणि शेपटीचा रंग फिका किंवा तांबूस असतो. एकाच खेपेतली पिल्लं सारखी निघत नाहीत. एखादं रेडटेलसारखं जाडजूड होतं, एखादं शॉव्हलनोजसारखं लांबत जातं. म्हणून आई-बापांपैकी जो मोठा, त्याचं माप धरून टाकी बांधायची. स्वभावातही फरक आहे. शुद्ध रेडटेल तासन्‌तास तळाशी पडून राहतो. संकर मात्र रात्री सारखा फिरतो. त्यामुळे त्याला नुसती बसायला जागा देऊन भागत नाही, पोहायला लांबीही हवी.

वाढीचा वेग पहिल्या वर्षात सर्वांत जास्त असतो. नीट खायला मिळालं तर चार इंचांचं पिल्लू तीन-चार महिन्यांत फूटभर होतं आणि वर्षाच्या आसपास दोन फुटांच्या जवळ जातं. त्यानंतर लांबी हळू वाढते, वजन मात्र वाढतच राहतं. लांबी दुप्पट झाली की वजन साधारण आठपट होतं. एक फुटाचा मासा दोन फुटांचा झाला म्हणजे घाणही दुप्पट झाली असं समजणाऱ्याचं गणित इथेच चुकतं.

'मासा टाकीच्या मापाने वाढतो' हे वाक्य दुकानात हमखास ऐकू येईल. लहान टाकीत वाढ खुंटते ती माशाच्या घाणीतून पाण्यात साठलेल्या नायट्रेटमुळे आणि हालचाल न झाल्यामुळे. पाठीचा कणा वाकतो, मिशा झिजतात, तोंडाला कायमच्या जखमा राहतात. नीट जागा मिळाली तर हा मासा पंधरा वर्षांहून अधिक जगतो, आणि खुंटलेला बराच आधी मरतो.

आता माप. पहिली गोष्ट रुंदी, म्हणजे टाकीच्या पुढच्या बाजूपासून मागच्या भिंतीपर्यंतचं आतलं अंतर. ती पूर्ण वाढलेल्या माशाच्या लांबीच्या दीडपट हवी. लांबी साडेतीनपट हवी. पाण्याची उंची अडीच फूट पुरते, कारण हा तळाजवळचा मासा आहे. साडेतीन फुटांच्या माशासाठी हा हिशेब १२ फूट लांब, साडेपाच ते सहा फूट रुंद आणि अडीच फूट पाणी असा येतो. १२ × ६ × २.५ म्हणजे १८० घनफूट. एका घनफुटात २८.३ लिटर, म्हणून सुमारे ५,१०० लिटर. जागा खरोखरच कमी असेल तर १० × ५ × २.५ फूट, म्हणजे साडेतीन हजार लिटर, ही एका माशासाठी शेवटची मर्यादा. त्याखाली उतरू नका.

नुसता लिटरचा आकडा फसवतो. १२ फूट लांब, तीन फूट रुंद आणि पाच फूट उंच टाकीतही तेवढंच पाणी मावतं, पण त्यात या माशाला वळता येत नाही. वळताना त्याला शरीर इंग्रजी 'यू'सारखं मुडपावं लागतं, दर फेरीला नाक आणि शेपूट भिंतीला घासते. हे तपासायला सोपा उपाय आहे. टाकी जिथे ठेवायची तिथे फरशीवर खडूने आतल्या मापाचा चौकोन काढा आणि साडेतीन फुटांची बांबूची काठी त्यात आडवी ठेवून गोल फिरवा. ६ × २ फुटांच्या चौकोनात काठी फिरतच नाही. ८ × ३ मध्येही अडते. ५ फुटांत फिरते, ६ फुटांत फिरून दोन्ही बाजूंना हात-हातभर जागा उरते. हे पाहिल्यावर घरातल्या मंडळींना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गवंड्याला माप देताना 'आतून' हा शब्द कागदावर लिहून द्या. नऊ इंची चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत आणि आतून गिलावा धरला तर दोन्ही बाजू मिळून दीड फुटापेक्षा जास्त जातो. बाहेरून सहा फुटांची टाकी आतून सव्वाचार फुटांची निघते. ओव्हरफ्लोची पेटी आणि पाइप यांची जागाही यातूनच वजा होते.

लहान टाकी का चालत नाही याचं दुसरं कारण खाद्याच्या पिशवीवरच लिहिलेलं असतं. ४५ टक्के प्रथिनांच्या १०० ग्रॅम पेलेटमधून सुमारे ४ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजन पाण्यात येतं. मोठ्या माशाला सरासरी दिवसाला तेवढं खाद्य जातं असं धरा. ५,१०० लिटरमध्ये त्याचं रोज लिटरमागे पाऊण-एक मिलिग्रॅमच्या आत अमोनिया होतं. फिल्टर त्याचं नायट्रेट करतो आणि नायट्रेट रोज साधारण ३.५ मिलिग्रॅमने वाढतं. हाच मासा ६ × २ × २ फुटांच्या, म्हणजे ६८० लिटरच्या टाकीत असेल तर अमोनिया रोज सुमारे ६ मिलिग्रॅम आणि नायट्रेट २६ मिलिग्रॅम. फिल्टर कितीही भारी घ्या, नायट्रेट काढायला शेवटी पाणीच बदलावं लागतं, आणि त्या टाकीत ते रोज अर्ध्याहून अधिक बदलावं लागेल. मोठ्या टाकीत रोज ३५० लिटर बदललं तर नायट्रेट ५० च्या आसपास स्थिरावतं.

मधल्या टाक्यांबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: तीन फुटी, मग चार फुटी, मग सहा फुटी अशी शिडी चढू नका. प्रत्येक टाकी चार-सहा महिन्यांत अपुरी पडते, आणि तिन्हींचा खर्च मिळून मोठ्या टाकीचा बराचसा भाग निघाला असता. मोठी टाकी आधी पुरी करा, फिल्टर चालू करा, मग पिल्लू आणा. चार इंचांचं पिल्लू पाच हजार लिटरमध्ये हरवतं ही भीती असेल तर पीव्हीसी पाइपच्या चौकटीला बारीक जाळी लावून एका टोकाला चार फुटांचा कप्पा करा, आठ इंचांचं झालं की जाळी काढा. आधी काचेच्या टाकीत वाढवायचंच असेल तर ४ × २ × २ फूट, ४५० लिटर, आणि मासा फूटभर होईपर्यंतच. त्या आधी मोठी टाकी तयार हवी.

टाकी कशाची, कुठे

फ्लॅटचा वरचा मजला पहिल्यांदाच बाद करा. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापरभार धरून आखलेला असतो. अडीच फूट पाणी एका चौरस मीटरवर ७६० किलो भरतं, टाकीचं स्वतःचं वजन वेगळं. जमिनीवर भक्कम पाया करूनच टाकी बसवायची: पोर्चच्या बाजूला, मागच्या अंगणात, जुन्या घराच्या पडवीत. गच्चीवर पत्र्याखालची जागा मे महिन्यात तापते, ती भाराच्या आधी उष्णतेनेच बाद होते.

काच या मापाला महाग आणि अवघड. सहा फुटी, दोन फूट उंच टाकीलाही १२ मिलिमीटर काच आणि वर आडव्या पट्ट्या लागतात. अडीच फूट पाण्याला आणखी जाड. घाबरलेला दहा किलोंचा मासा काचेवर धडकतो, तेव्हा धोका बहुधा सिलिकॉनच्या सांध्याला असतो. बघायला काच हवीच असेल तर काँक्रीटच्या टाकीच्या एका बाजूला खिडकीपुरती बसवा.

गोव्यात हाताशी असतो तो चिरा, आणि तिथेच मोठी चूक होते. चिरा सच्छिद्र असतो, पाणी धरत नाही, ओढ पडली की सांध्यातून उकलतो. अडीच फूट पाणी भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे २९० किलोंनी बाहेर ढकलतं. १२ फुटी भिंतीवर हा दाब एक टनाच्या वर जातो. नुसत्या चिऱ्याची सरळ भिंत मधोमध फुगते आणि पहिली भेग बहुतेक वेळा कोपऱ्यात, तळाच्या सांध्याला दिसते. म्हणून तळ आणि भिंत दोन्ही लोखंड घातलेल्या काँक्रीटचे, पाच-सहा इंच जाडीचे करा, तळाच्या सळ्या वाकवून भिंतीत चढवा, दोन्हीचा ओतीव सांधा नीट होऊ द्या. चिरा शोभेला बाहेरून लावा. खाली दगडाचं सोलिंग, त्यावर चार इंच साधं काँक्रीट, मग तळ. भिंत तीन फूट उंच करा म्हणजे अडीच फूट पाण्यावर अर्धा फूट कोरडा काठ उरेल. आतले चारही कोपरे गोलाईत गिलावा करून घ्या, नाक घासण्याचा त्रास निम्मा तिथेच कमी होतो. तळाला एका टोकाकडे उतार आणि त्या टोकाला किमान अडीच इंची निचरा. हा पाइप काँक्रीट ओतण्याआधीच बसतो; नंतर भोक पाडलं की गळती ठरलेली.

नवं सिमेंट पाण्यात चुना सोडतं आणि पीएच दहाच्या वर नेतं. टाकी भरा, तीन-चार दिवस ठेवा, रिकामी करा. हे चार-पाच वेळा करा. भरल्यावर दोन दिवसांनी पीएच ८ च्या खाली राहिला की पुढे जा. त्याऐवजी पिण्याच्या पाण्याच्या टाक्यांना लावतात ते इपॉक्सी दोन हात द्यायचं आणि पूर्ण सुकू द्यायचं. काम मार्चपर्यंत संपवा. पावसात इपॉक्सी ओलसर भिंतीला धरत नाही, महिन्या-दोन महिन्यांत पापुद्रे सुटतात आणि मासा ते गिळतो.

जमिनीत खड्डा करून फायबरची टाकी पुरायचा विचार खाजनाच्या (बांध घातलेल्या सखल, खाऱ्या जमिनीच्या) किंवा नदीच्या काठच्या गावांत करू नका. जुलैत भूजल वर येतं, आणि साफसफाईसाठी रिकामी केलेली टाकी खालून उचलली जाते. पाइप तुटतात, टाकी तिरकी होते. पूर येणाऱ्या भागात टाकीचा काठ माहीत असलेल्या पुराच्या रेषेच्या वरच हवा.

पैसे कमी असतील तर मत्स्यशेतीवाले बायोफ्लॉकसाठी वापरतात ती गोल ताडपत्रीची टाकी हा सर्वांत प्रामाणिक पर्याय आहे. तीन मीटर व्यास आणि पाऊण मीटर पाणी म्हणजे ५,३०० लिटर. कोपरेच नाहीत, मासा न थांबता फिरत राहतो, आणि गोल आकारात दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. बाहेर लोखंडी जाळीचा पिंजरा आणि आत जाड पीव्हीसीची ताडपत्री. जाळी आणि ताडपत्रीच्या मध्ये फोमचा थर घाला, खाली वाळूचा थर देऊन त्यावर जुनी ताडपत्री पसरा. घुशी खालून कुरतडतात, म्हणून कडेने सिमेंटचा पट्टा ओता. ऊन थेट लागणार असेल तर बाहेरून शेडनेट लावा, नाहीतर ताडपत्री लवकर कडक होऊन चिरते.

पाणी

रोज ३५० लिटर, म्हणजे आठवड्याला अडीच हजार लिटर, एप्रिल-मेमध्ये कुठून येणार हे टाकी बांधायच्या आधी ठरवा. घरावरची एक हजार लिटरची टाकी घरालाच लागते. माशासाठी वेगळी एक हजार लिटरची साठवण ठेवा. नळाचं पाणी त्यात एक दिवस हवा सोडून राहू दे. घाईत थेट घालायचं असेल तर क्लोरीन मारायला हजार लिटरला १० ग्रॅम सोडियम थायोसल्फेट पुरतं, म्हणजे ३५० लिटरला साडेतीन ग्रॅम. आधी थोड्या पाण्यात विरघळवून मग टाका. निघालेलं पाणी गटारात घालवू नका. नारळ, केळी, कुळागरात (सुपारीच्या बागेत) सोडा, त्यात झाडांना हवं तेच नायट्रेट असतं. किनाऱ्याजवळची विहीर मेमध्ये मचूळ होत असेल तर त्या महिन्यांत ती वापरू नका.

जांभ्या दगडातली विहीर असेल तर आणखी एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण गोव्यात मोठे मासे अचानक मरतात त्यामागे बरेचदा हीच असते. हे पाणी मऊ, म्हणजे क्षार कमी असलेलं, आणि किंचित आम्लधर्मी. माशाला ते मानवतं, फिल्टरमधल्या जिवाणूंना नाही. अमोनियाचं नायट्रेट करताना ते पाण्यातलं कार्बोनेट खातात: एक ग्रॅम नायट्रोजनमागे सात ग्रॅमहून थोडं जास्त. १०० ग्रॅम खाद्याला रोज जवळजवळ ३० ग्रॅम. मऊ पाण्यात तेवढा साठा नसतो. तो संपला की पीएच सहाच्या खाली कोसळतो, जिवाणू थांबतात, अमोनिया साठत जातं. त्या आम्ल पाण्यात ते फारसं विषारी नसतं म्हणून मासा ठीक दिसतो. मग कोणीतरी काळजीने अर्धं पाणी एकदम बदलतं, पीएच वर जातो, साठलेलं अमोनिया विषारी रूपात येतं आणि सकाळपर्यंत मासा मेलेला असतो. अशा वेळी पाणी दहा-दहा टक्केच बदला, दोन बदलांत काही तास जाऊ द्या आणि खाणं बंद ठेवा.

हे होऊच नये म्हणून तिसऱ्यांचे किंवा कालवांचे शिंपले उकळून, मांस खरवडून, उन्हात वाळवून घ्या. पाच-सहा किलो जाळीच्या पिशवीत भरून फिल्टरमध्ये, वाहत्या पाण्यात ठेवा. पाणी आम्ल होऊ लागलं की ते विरघळतात. दोन-तीन महिन्यांनी त्यांवर बुळबुळीत थर येतो, तो ब्रशने काढा. केएचची, म्हणजे पाण्यातलं कार्बोनेट मोजायची, टेस्ट किट ठेवा, आठवड्याला एकदा मोजा, आकडा ४ च्या खाली जाऊ देऊ नका. जून ते सप्टेंबर आठवड्यातून दोनदा मोजा, पावसात विहिरीचं पाणी आणखी मऊ होतं. कौलांवरून येणारं पावसाचं पाणी थेट टाकीत सोडू नका, त्यात कार्बोनेट जवळजवळ नसतंच.

फिल्टर आणि वीज

ताशी टाकीच्या तीन ते चारपट पाणी फिरलं पाहिजे: १५ ते २० हजार लिटर. एकाच मोठ्या पंपाऐवजी निम्म्या ताकदीचे दोन घ्या, एक बंद पडला तरी दुसरा रात्र निभावतो. दोन्ही मिळून १५० वॅट धरले तर महिन्याला १०८ युनिट. फिल्टरसाठी हजार लिटरची प्लास्टिकची टाकी पुरते. आधी ब्रश किंवा जाड मॅट, मग फोम, मग जिवाणूंची प्लास्टिक मीडिया, शेवटी शिंपल्यांची पिशवी. मॅट आठवड्याला धुवायची, आणि ती टाकीच्याच पाण्यात. क्लोरीनच्या नळाखाली धुतली तर जिवाणू मरतात. गोव्याच्या उष्णतेत फिल्टर साधारण चार आठवड्यांत तयार होतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय मासा सोडू नका.

हीटरची गरज नाही. अडचण उलटी आहे. पाणी ३० अंशांच्या वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि माशाला मात्र जास्त लागतो. सावली, पाण्यावर फिरणारा पंखा आणि दिवसरात्र चालणारा एअर पंप ठेवा. पावसाळ्यात झाड तारांवर पडलं की वीज कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा एअर पंपाला इन्व्हर्टर लावा. ८० वॅटचा पंप १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर दहा-बारा तास चालतो. वीज गेलेली असताना खायला घालू नका. फिल्टर सहा तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर पुन्हा सुरू करताना आतलं साचलेलं पाणी आधी बाहेर काढा, ते सडलेलं असतं.

टाकीत वाळू-खडी घालू नका, हा मासा तोंडात मावेल ते गिळतो. थर्मामीटर, सक्शन कप, मोकळे पाइपचे तुकडे, सगळंच. निचऱ्यावर पक्की जाळी स्क्रूने बसवा. झाकण जड आणि कडीचं हवं. वीज चमकली की हा मासा उसळतो आणि हलकी प्लायची फळी सहज उडवतो. सोबतीला त्याच्या निम्म्या लांबीपेक्षा लहान मासा ठेवलात तर तो त्याचं जेवण समजा. खाणं बुडणाऱ्या पेलेटचं: पिल्लाला रोज, दोन फुटांपर्यंत एक दिवसाआड, त्यापुढे आठवड्यातून दोनदा. स्वस्त मिळतात म्हणून तारले (सार्डिन) रोज देऊ नका. त्यांतलं थायमिनेज ब१ जीवनसत्त्व नष्ट करतं, आणि तेलाने पाण्यावर साय धरते.

एवढी जागा आणि पाणी नसेल तर हा मासा घेऊ नका, आणि घेऊन झाला असेल तर मांडवीत, मयेच्या तळ्यात किंवा देवळाच्या तळीत सोडू नका. तोंडात मावेल ते खाणारा परदेशी मासा तिथल्या स्थानिक माशांवर तुटून पडतो. मिशा आणि ठिपक्यांचीच आवड असेल तर पिक्टस कॅटफिश बघा. चार-साडेचार इंचांवर त्याची वाढ थांबते, आणि ४ × १.५ × १.५ फुटांच्या, २५५ लिटरच्या टाकीत चार-पाच जणांचा घोळका आयुष्यभर राहतो. फक्त पकडताना कापडी जाळं वापरू नका, त्यांचे काटे त्यात अडकतात. प्लास्टिकच्या भांड्याने उचला.